सबनीस सरांचं गाळलेलं वाक्य

मंडळी, एक विचारतो. सत्य लोकांच्या गळी उतरावं म्हणून ते थोडं गोड केलं, तर पाप लागतं का हो? माना डोलावू नका, अजून उत्तर दिलेलं नाही मी!

तर ऐका. रत्नागिरीत सबनीस सर. कॉलेजात फिजिक्स शिकवत. डोक्यात एकच – मरण हा रोग आहे! विज्ञान कधीतरी तो बरा करील, तोवर देह अतिथंडीत जपून ठेवावा. दर रविवारी व्याख्यान. श्रोते किती? आठ! त्यातले दोघे चहासाठी.

पण माणूस प्रामाणिक, बरं का! व्याख्यान संपवताना एकच वाक्य – "आपल्यातलं कोणीही वाचणार नाही. आपल्याकडे ते यंत्र नाही, ती विद्या नाही. आपण पुढच्यांसाठी विचार करतोय."

आयुष्य गेलं त्यात. पेपरवाले हसायचे. बायको म्हणायची, "अहो, जेवायला तरी या!" सरांना एकच आस – मरायच्या आधी कोणीतरी ऐकावं.

आणि आली! पुण्याहून गौतमी टिपणीस. लोकांची प्रसिद्धी करणं हा तिचा धंदा. म्हणाली, "सर, विचार ग्रेट आहे, पॅकिंग वाईट आहे. 'मृत्युविरोधी अभ्यास मंडळ'? अहो, स्मशानाची कमिटी वाटते! 'अमृतमार्ग' म्हणा. पांढरा कुर्ता घाला. आणि ते शेवटचं वाक्य काढा."

"तेच तर खरं आहे," सर म्हणाले.

"खरं आहे हो! पण तिथेच लोक चॅनल बदलतात."

सरांनी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. काढा."

झालं! टीव्हीवर सर. मागे बासरी. "मरण म्हणजे शेवट नव्हे. थंडीत झोपा, उद्या जागे व्हा!" – थंडीत झोपतात तर आमच्या कीर्तनातसुद्धा, कोपऱ्यातले काका! – पण काय टाळ्या! हार, शाली, मुलाखती. आठाचे आठ हजार झाले!

आता इकडे या. खाडीकाठी मोरेश्वर तांडेल. बर्फाचा कारखाना त्याचा. जन्मभर होड्यांना बर्फ पुरवला. त्याची बायको सुलभा तापानं गेली. वाडी जमली, बांबू आले, मडकं आलं. मोरेश्वर म्हणतो, "कोनी हात लावायचा न्हाय!" तिला उचलली, बर्फात ठेवली. अहो, ज्यानं बर्फात मासा टिकताना बघितला, त्याला माणूस टिकेल असं वाटणारच ना! वेड होतं का ते? प्रेम होतं, मंडळी!

सकाळी टेम्पो सरांच्या दारात. खालून पाणी गळतंय. मोरेश्वर हात जोडून उभा. "सर, तुमी टीव्हीत सांगितलंत. हिला आनलंय. पोरगी इचारते, आये कवा उठल?"

सर पायऱ्या उतरून आले, बरं का! तोंड उघडलं त्यांनी. ते जुनं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात गॅलरीतून गौतमी – "सर, चॅनलवाले पोचतायत! नकार नको, फक्त धीर द्या!"

आणि सर काय म्हणाले? म्हणाले, "विश्वास ठेवा." आणि आत गेले! दार लावलं!

बर्फ थांबतो का हो कोणाच्या विश्वासावर? दुपारी वाडीतल्या माणसांनीच टेम्पो वळवला, किनाऱ्यावर चिता रचली. मोरेश्वराला म्हणाले, "अग्नी दे." तो मागे सरकला. म्हणाला, "उठनार हाय ती. जित्या मानसाला आग लावू काय मी?" शेवटी पोरीनं अग्नी दिला. आणि बाप तिच्यावर ओरडला, "तू मारलीस आयेला!"

पोरीला, मंडळी! दहावीतल्या पोरीला! आजही बोलत नाही तो तिच्याशी.

सरांचं काय झालं म्हणता? काही नाही! कार्यक्रम चालू आहे. मोठा झाला!

हळहळताय? कशाला? गौतमी खोटं बोलली नव्हती. खऱ्या वाक्याला चॅनल कोण बदलतं? मी? तुम्ही बदलता! डॉक्टर दाराबाहेर बोलावून खरं सांगायला लागला की, "शुभ बोला हो" म्हणून त्याचं तोंड कोण दाबतं? गोड बोलणारा तुम्हाला लागतो, म्हणून तो जन्माला येतो. आणि भोगते कोण? ती पोर!

घरी जा. आजारी माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा. खरं विचारा, खरं ऐका, पोटभर रडा. आणि वेळ येईल तेव्हा अग्नी आपल्या हातानं द्या, लेकरांवर टाकू नका.

करा गजर. आज टाळ्या नकोत.