मागाचं तेल

न्हाय हो रविराज, कुणीबी हात लावलेला न्हाय मशीनला — मघापासनं तेच इचारताय! गेल्या म्हयन्यात तुम्ही निपाणीहून आलतासा, रबराच्या रिंगा बदललासा, त्यानंतर मी एकटीच बघते. सॉफ्टीचे कोन मी भरते, मशीन मीच धुते, कोमट पाणी, तुमची ती पावडर, सगळं तुम्ही शिकवलं तसं. मग मागनं दूध का गळतंय? आणि वास? तुम्हीच हुंगा की. काल शेजारच्या माधवीची स्वराली — दोन घास सॉफ्टी खाल्ली आणि भडाभडा ओकली, हितं, उंबऱ्यात. माधवीनं पोरीचं तोंड पुसलं आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आज सकाळपासनं वडगावातलं एक पोर दारात फिरकलं न्हाय.

उघडा की, मी कुठं नको म्हणते. आस्ते — तो फिरता दांडा आस्ते काढा. हां. काय ते? काळं काय हाय? न्हाय, न्हाय, तुम्ही दिलेलं पांढरं ग्रीस, पोटात गेलं तरी चालतं ते — ते काय फळीवर, नळी भरलेली हाय अजून. मग हे... आणा हिकडं.

ह्यो वास मला चांगला ठावं हाय. लग्न होऊन आले तवापासनं ह्याच वासात ऱ्हायले मी. मागाचं तेल हाय हे. तेलानं रबर फुगलं म्हणताय? फुगणारच.

कुणी म्हणून काय इचारताय? आमच्यात सकाळी आधी मागाला तेल, मग आपल्याला चहा. सासऱ्यांची शिस्त. कोरडा माग चालवला तर जेवायला बसायचे न्हाईत ते. आमच्या ह्यांच्या हाताला तेच वळण. आमच्या पोरानं, मंथननं, माग मोडीत घातले, त्याच जागेवर हे मशीन आणून ठेवलं — पोराचं काय चुकलं, साडीला गिऱ्हाईक कुठं ऱ्हायलंय? पण हे कट्ट्यावर बसले ते बसलेच. बोलणं न्हाय, दाढी न्हाय, ताट तसंच. लई भ्या वाटायचं मला. झोपले की नाकाजवळ हात धरून बघायची. आणि एक दिवस सकाळी बघते तर हे मशीनला कान लावून उभे! "लक्ष्मे, कोरडं चाललंय गं हे," म्हणाले. किती दिसांनी माझं नाव तोंडात आलं — मी काय करणार हुते? "बघा की मग," म्हटलं. मला वाटलं, पुसतात. पुसू दे. आता दाढी करतात, दोन भाकरी खातात, पोरांना कोन देताना हसतात सुद्धा...

रविराज, ह्यांना म्हणा, रिंगच खराब निघाली. तुमचं काय जातंय? एवढं माझ्यासाठी — मान कशाला हलवताय? व्हय, उद्या परत घालतील, कळतंय मला. डबा लपवला तर शहापुरातनं नवा आणतील. आणि परत कुणाचं तरी पोर... कळतंय म्हटलं की! माझीबी नातवंडं हाईत.

आले. चपला वाजल्या. उठा तुम्ही. दांडा ऱ्हाऊ दे तिथंच, चौकात चहा घेऊन या जावा. न्हाय, तुम्ही काय सांगायचं न्हाय. विणकराची चूक परक्यासमोर काढत न्हाईत आमच्यात. जावा म्हटलं न्हवं!

अहो, या. बसा हितं, माझ्याजवळ. मशीनला... मागाचं तेल घातलासा न्हवं? ते चालत न्हाय ह्याला. पोटात जातंय पोरांच्या. स्वराली त्यानंच ओकली.

कट्ट्याकडं कुठं निघालासा? हितं बसा की. अहो, मी रागावले न्हाय. दुसरं ग्रीस हाय ह्याचं, पांढरं, तुम्हीच लावा रोज, मी दाखवते. अहो.

बोला की.