खंडेनवमीची सुट्टी

भिया, खंडेनवमीला तुम्ही गाडीची पूजा करता, ते ठीक आहे. पण आमच्या देवासच्या नर्सरीत काय झालं, ऐका.

संत्र्याची रोपं आम्ही कित्येक आठवडे विजेच्या गरम कपाटात ठेवतो. उष्णतेनं रोपातला रोगाचा विषाणू मंदावतो, मग शेंड्याचं कोवळं टोक कापून बाटलीत निरोगी रोप वाढवतो. गेल्या वर्षी नवमीला आमच्या मालकांनी, काकासाहेबांनी, कपाटाला हळदकुंकू वाहून बटन बंद केलं. म्हणाले, "आज औजारांना विश्रांती."

दसऱ्यानंतर मी कपाट उघडलं, तर ते पार गार पडलेलं.

"काकासाहेब, विश्रांती विषाणूलाही मिळाली. आता पुन्हा पहिल्यापासून."

यंदा मात्र त्यांनी चालू कपाटालाच झेंडू वाहिला, हात जोडले आणि त्याला हळूच म्हणाले, "तुझी सुट्टी बाकी राहिली बरं का."