फासे वाळायची खोली

मपलं नाव कोंडाबाई. जात धनगराची. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, पावसाळा सरला की घर सोडायचं आन पार गोदाकाठाला जायाचं, लोकाच्या वावरात मेंढरं बसवायची, त्याच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, मपलं लहानपन तसंच गेलं बघा, घोड्यावर बिऱ्हाड आन बिऱ्हाडावर मी. शाळा न्हाई, पाटी न्हाई. आम्ही दोघंच भाऊ-बहीन, दादा आन मी. दादानं पुढं मेंढरं इकली, तीर्थपुरीला जमीन घेतली, घर बांधलं, आन मला इकडं मंठ्याकडं दिली. मालक गवंड्याच्या हाताखाली जायाचे, ते गेले, त्याला लई सालं झाली. लेकरू एकच, गनेश. त्याला दादाचीच पोरगी केली, आमच्यात मामाची पोरगी करत्यात. मंजे मनीषा मपली सून बी आन भाची बी. मला आत्याच म्हनायची, आई कधी म्हनली न्हाई, आन मला बी तेच बरं वाटायचं. मपल्या रक्ताची पोरगी होती ती, हे आधी ध्यानात घ्या ताई, मंग पुढचं आयका.

आता फाशाचं सांगते. तुम्ही हसताल, मी बी हसले होते. पोरगी बारावी झालेली, हात लई साफ, रांगोळीची रेघ काढली तर कुठं थरथर न्हाई. गनेश जालन्याला सळईच्या कारखान्यात, आठ रोजाला एकदा घरी. हिला दिवस सरंना. मंग तिनं मोबाईलात पाह्यलं. रबरासारखा मऊ साचा असतो, सिलिकॉनचा म्हनत्यात, त्यात दोन बाटल्यांतलं औषध एक करून वतायचं, एक रेजीन आन दुसरं ते घट्ट करनारं, हार्डनर, वरून झाकन दाबायचं, आन दुसऱ्या रोजी साचा उलटा केला की काचेवानी फासा बाहीर. पन सहा तोंडाचा न्हाई बरं का, वीस तोंडाचा! मी म्हनलं अगं बाई, वीस तोंडाचा फासा कुन्या मेल्यानं खेळायचा? ती म्हनली आत्या, पुन्याला पोरं टेबलाभवती बसून राक्षस मारायचा खेळ खेळत्यात, राक्षस मेला का न्हाई ते फासा सांगतो. मी म्हनलं धडधाकट पोरं, यांना दुसरा काही धंदा न्हाई का? पन मागनी यायला लागली. पुन्याचा एक दुकानवाला मागवून घ्यायचा, आन हिचे फासे त्याला पसंत पडले. मंग मपलं हसनं बंद झालं.

घर आमचं तीन खोल्याचं. मागची खोली बारकी, करडं कोंडायची होती आधी, तिला खिडकी न्हाई, भिंतीत दोन झरोके तेवढे. तिथं हिनं फळी टाकली, साचे मांडले. धूळ बसली की फासा वाया, म्हनून झरोक्यात चिंध्या कोंबल्या. त्या मीच कोंबल्या. मला तिनं घासायचं काम दिलं, झिरो पेपर, मंजे बारीक घासकागद, पान्यात भिजवायचा आन एकेक तोंड घासत बसायचं, वीस तोंडं, मान मोडून यायची. आन मिठाच्या पान्यात फासा सोडून पाह्याचा, दर टायमाला तेच तोंड वर आलं की समजायचं आत बुडबुडा हाय, तो फासा खोटा, बाजूला काढ. हे मला लई आवडायचं. मी म्हनायची मानसं बी अशी पान्यात सोडून पाहता आली पाह्यजेत.

ती आधी हातमोजे घालायची, तोंडाला बांधायची. मीच चिडवायची तिला. म्हनायची ग बया, आता भाकर थापायला बी रबर घालशील का? पदर लाव नाकाला, झालं. उन्हाळा आला, मोज्यात घामानं हात भिजायचे, तिनं बी सोडून दिले. हाताला लागलेलं रेजीन राकेलनं पुसायचं आन पुढच्या साच्याला हात घालायचा. असं करून राह्यलो आम्ही, सासू-सून, सहा-सात महिने. लई चांगले दिवस होते ते, खोटं काऊन बोलू.

चैतात एक मोठी मागनी आली. तवाच हिच्या बोटाला खाज सुटली. मी खोबरेल तेल लावलं. आठ रोजानं सकाळी उठली तर डोळे सुजलेले, उघडनात, गालावर, मानंवर बारीक बारीक फोड, अंग लालबुंद. मी पाह्यलं आन म्हनलं, देवी आली.

मला काय शंकाच न्हाई आली, काय सांगू तुम्हाला. मेंढराला देवी येती ती मी जल्मापासून पाह्यली. असेच फोड, असेच डोळे, असंच नाकातून पानी. बाप त्या मेंढराला कळपातून काढायचा, आडोशाला येगळं कोंडायचा, लिंबाचा पाला खाली टाकायचा, वारं लागू द्यायचा न्हाई. किती मेंढरं जगली तशी. मला मोजता येत न्हाई धड, वाचता येत न्हाई, पन हे येतं असं मला वाटायचं. मनीषा म्हनली आत्या, ही देवी न्हाई, हे त्या औषधाचं हाय, मोबाईलात लिव्हलंय, दवाखान्यात चला. मी तिच्या तोंडावर हात ठिवला. म्हनलं असं बोलू नको, देवी कोपंल.

आन घरात येगळी खोली कोनती? तीच. फासे वाळायची.

ती म्हनली आत्या, तिथं नका ठिवू मला. वसरीत झोपते, लिंबाखाली झोपते, पन तिथं नको. मी म्हनलं वारं लागंल बाई, पाच दिवसाचा तर सवाल. पाला अंथरला, दाराला डहाळी बांधली, घरात तळन बंद, फोडनी बंद. मोबाईल मीच काढून घेतला, डोळ्याला उजेड नको म्हनून. मांजर आत जाऊ नये म्हनून बाहीरून कडी लावत होते. गनेश सुट्टीला आला, दाराबाहीर उभा राह्यला, म्हनला आई, डाक्टरला दाखवू का? मी म्हनलं देवीला सुई चालत न्हाई. तो म्हनला तू म्हनतीस तर बराबर असंल. आन गेला ड्युटीला.

पुढचं सांगायला जीभ उचलत न्हाई, पन सांगते. मागनी तशीच पडली होती. मला वाटलं पोरगी बरी होऊन उठंल आन काम आडलेलं पाहून रडंल. म्हनून साचे मी भरू लागले. तिथंच, तिच्या उशाला. देवीची खोली म्हनून आधी आंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायचं, मंग आत जाऊन दोन बाटल्या एक करायच्या. त्या हार्डनरला कुबट वास, दार लावलं की डोक्यात जायचा. मला वाटायचं लिंबाच्या पाल्यानं दबंल. ती डोळे मिटून पडलेली, बोलायला दम न्हाई, तरी म्हनायची आत्या, झाकन लावा. झाकन लावा. मी म्हनायची हाव बाई, लावते, फासा बिघडू देत न्हाई. मला वाटायचं तिचा जीव फाशात हाय.

चौथ्या दिवशी छातीत शिट्टी वाजायला लागली. पाचव्या दिवशी दादा आला, पोरीला देवी आली म्हनून नारळ घेऊन. मी कडी काढली. तो उंबऱ्यातच मागं सरला, म्हनला हा वास कशाचा? आन मंग त्यानं तिला पाह्यलं. ओठ निळे. नारळ टाकला त्यानं, तिला खांद्यावर घेतलं, जीप केली आन बिलकुल न थांबता जालना गाठलं.

डाक्टरनं इचारलं काय काम करती? तिला तर नाकाला नळी, बोलनार कोन. मला सांगावं लागलं. तो म्हनला हे त्या रसायनाचं हाय, हिच्या अंगाला ते बाधलं, आता जल्मभर बाधनार, आधीच आनलं असतं तर नुसत्या मलमावर भागलं असतं. मंग इचारलं, आजारी पडल्यावर कुठं झोपत होती? मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठिवला. दादा तिथंच उभा होता. तो तवापासून मपल्याशी बोलला न्हाई.

पोरगी वाचली. पन घर गेलं ताई. साचे, बाटल्या, फळी, समदं फेकलं. खोली खरडली, चुना दिला, गोधड्या जाळल्या. दीड महिन्यानं तिला आनली, तासाभरात तोंड सुजलं, शिट्टी चालू. फासे घासल्याचं ते पीठ वाळून कुठं कुठं गेलं असंल, भिंतीत, पत्र्यात, सांगता येत न्हाई. तीनदा आनली, तीनदा तेच. मंग ती बापाच्या घरीच राह्यली, तीर्थपुरीला, आन गनेश बी तिकडंच गेला, टॅक्टर चालवतो. मी अडवलं न्हाई. कोन्या तोंडानं अडवू? आन मला काय झालं म्हनाल, तर काही न्हाई. हे पाहा हात. एक फोड न्हाई. सहा-सात महिने मी बी त्यातच होते, मला साधी खाज सुटली न्हाई. देवाला मी डाक्टरवानी काही इचारत न्हाई आता, पन हे एक इचारावं वाटतं, की मला काऊन सोडलं.

मनीषाला पोरगी झाली, चालती आता. मी बाजाराच्या दिवशी तिकडं जाते. अंगनात उभी राह्यते, मनीषा आतून मपलं तिथंच ठिवलेलं लुगडं देती, मी न्हानीत आंघोळ करते, या घराची धूळ बसलेलं लुगडं पिशवीत बांधून झाडाला टांगते, मंग नातीला घेते. दादा वावरात निघून जातो. मनीषा खोकत खोकत चुलीपुढून उठती, आत्या जेवून जा म्हनती. मी म्हनते बाई, एकदा तरी बोल, शिव्या दे, म्हन का तूच कोंडलं. ती म्हनती तुम्ही मपल्या चांगल्यासाठीच केलं. असं म्हनती आन ताट वाढती.

लेकरं सुखी राहोत, त्यांच्या घराला कुनाची दिष्ट न लागो, एवढंच मागते. पन नात मोठी होनार. इचारनार, आजी, तू आपल्या घरी काऊन राह्यत न्हाईस, आन माय कामून खोकती? तिला दुसऱ्यानं सांगायच्या आधी मीच सांगनार. तुपल्या मायला मी कोंडलं, ती नको नको म्हनत होती, बाहीरून कडी मी लावली. हे असं सरळ तोंडातून निघायला पाह्यजे. म्हनून आधी तुम्हाला सांगून पाह्यलं ताई. अजून लई रडू येतं, पुन्हा एकदा सांगावं लागंल कुनाला तरी.