सोमवारी तोंड वर

गावाच्या थांब्यावर यारेली बसच्या रांगेत उभी होती आणि पुढच्या दोन बायकांच्या बोलण्यातून तिचे कान काही केल्या निघेनात.

"म्युझियमवाले आले होते ना गं, एउफ्रोसिना?"

"आले ना! म्हणाले, तुमच्या परसातला दगडी राजा दाखवा, शहरात नेऊन काचेत ठेवतो."

"अगं बाई! मग?"

"मग काय! माझी डुकरीण हरवली होती, म्हणून मी त्याला आधीच पालथा घातला होता. हरवलेलं सापडेपर्यंत आपण संत अंतोनियोला उलटा टांगतो ना, तसा. नाक चिखलात आणि पाठीवर कोंबड्या."

"त्यांना दिसलाच नाही?"

"त्याच्यावर बसून कॉफी प्यायले मेले! पुन्हा येतो म्हणून गेलेत."

"आणि डुकरीण?"

"आली की, सात पिल्लं घेऊन!"

"म्हणजे बिचाऱ्यानं काम केलं, तरी शिक्षा चालूच? तीन हजार वर्षांचा राजा तो, चिडेल गं."

"सरळ ठेवला तर नेतील ना त्याला! माझ्या पणजीपासून आमच्यात राहतोय, शहरात कोणाशी बोलेल? म्हणून तोड काढली. सोमवारी म्युझियमला सुट्टी. सोमवारी उठवते, तोंड धुते, मक्याच्या पिठाचा गरम तमाल भरवते. मंगळवारी पुन्हा पालथा."

"आज पालथा घातलास?"

"आज कशाला? आज सोमवार."

"आज मंगळवार आहे, बाई!"

"अरे देवा! आणि तो ओठ पुढे काढून उन्हात बसलाय!"

एउफ्रोसिनाबाईंनी पिशवी काखेत मारली आणि धूम ठोकली. समोरून बस येत होती. यारेलीनं बसकडे पाहिलं, दप्तर पाठीवर घट्ट केलं आणि ओरडली,

"मावशी, थांबा! एकटीला उलटायचा नाही तो!"