बोर्डावरची तीन चाकं

(सोलापुरात अक्कलकोट रोडला ‘हंजगी बंधू’ यांचा गिअर कापायचा कारखाना. ऑफिसात थोरले बंधू चनबसप्पा, त्यांची बहीण निंगव्वा आणि वेबसाइट करायला आलेली धम्मप्रिया. तिच्या कॉम्प्युटरवर गिअरची तीन चाकं फिरतायत.)

चनबसप्पा : फिरतंय की झकास! मग तोंड पाडून का बसलीस?

धम्मप्रिया : अण्णा, जरा जवळ या. चष्मा लावून बघा. हा दाता कुठं चाललाय?

चनबसप्पा : दुसऱ्या चाकात.

धम्मप्रिया : चाकात नाही, चाकातून. लोखंडातून लोखंड आरपार चाललंय!

चनबसप्पा : कॉम्प्युटरात चालतंय तेवढं.

धम्मप्रिया : ब्राउझरला काय, मी सांगेन तसं तो गुमान फिरवतो. पण संध्याकाळी नव्या मशीनच्या पूजेला कोण येणार? सगळी गिअर घेणारी माणसं. त्यांच्यासमोर हे मोठ्या टीव्हीवर लावायचं?

निंगव्वा : हसतील ओ अण्णा. गिअरवाल्याचंच गिअर खोटं म्हणतील.

चनबसप्पा : मग खरं कर. त्यासाठीच तर हिला कुर्डुवाडीस्नं बोलवली.

धम्मप्रिया : खरं केलं की जाम होतंय. ही तीन चाकं त्रिकोणात एकमेकांना लागून आहेत ना? थोरलं उजवीकडं फिरलं की त्याला लागलेली दोन्ही डावीकडं फिरणार. आणि ती दोघं परत एकमेकांना चिकटलेली. शेजारची दोन चाकं एकाच बाजूला फिरतात का कधी?

चनबसप्पा : फिरत न्हाईत. दाते मोडतील... आँ? पण हेच चित्र तर आमच्या बोर्डावर हाय! आबा असल्यापास्नं. बिलावर हाय, टेम्पोवर हाय.

धम्मप्रिया : बोर्ड कधी फिरवून बघितला होता का?

निंगव्वा : यव्वा! म्हंजे इतकी वर्षं आपला बोर्डच जाम हाय म्हणायचा!

चनबसप्पा : दात काढू नको. पेंटरनं काढलं, तीन पोरं तीन चाकं म्हणून आबांनी पास केलं. आमी गिअर कापायचं का बोर्ड तपासायचा?

निंगव्वा : दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

चनबसप्पा : मग एक चाक काढून टाक.

धम्मप्रिया : कुणाचं काढू? प्रत्येकावर नाव आहे. चनबसप्पा, गुरप्पा, कल्लप्पा.

चनबसप्पा : ...न्हाय न्हाय. कुणाचं काढायचं न्हाय.

धम्मप्रिया : मग या दोन भावांना थोडं लांब सरकवते. लगेच फिरतील. हे बघा.

चनबसप्पा : फिरतंय खरं. पण मधी फट दिसायली गं. फट दिसली की बाजार म्हणणार, हंजगी बंधू फुटले. आधीच कुजबूज हाय. निंगव्वा, जरा गुरप्पाला विचारून ये, काय करायचं.

निंगव्वा : शेजारच्या खोलीत तर बसलाय. तुमीच विचारा की.

चनबसप्पा : तुला जमतंय ते. मी गेलो की वाद होतोय. कल्लप्पाला पण विचार.

धम्मप्रिया : अण्णा, एकाच कारखान्यात बसता आणि निरोप पाठवता?

चनबसप्पा : तू तुझं चाक बघ.

निंगव्वा : आले विचारून. गुरप्पा म्हणतोय, सरकायचं असंल तर कल्लप्पानं सरकावं. कल्लप्पा म्हणतोय, धाकटा म्हणून दर टायमाला मीच का? आन् फट दोघांनाबी नको हाय... थांबा, फोन आलाय. हॅलो, हंजगी बंधू. व्हय, चोवीस दात्याचं ना? भोक मागच्यासारखंच ठेवू का? बरं, येडू टेम्पो घेऊन निघतोय, धाडते त्याच्यासंगं. मी व्हय? कोण न्हाय ओ, ऑफिसातनंच बोलतेय.

धम्मप्रिया : अक्का, नाव का नाही सांगितलं?

निंगव्वा : सांगून काय करायचं? बोर्डावर ‘बंधू’ लिवलंय.

धम्मप्रिया : अण्णा, ‘आमच्याविषयी’ पानावर तीनच फोटो आहेत. अक्कांचा टाकू का?

चनबसप्पा : तिचा कशाला? फर्म भावांची हाय. मी टीव्हीची वायर बघून येतो, तवर त्या फटीचं काय ते कर.

धम्मप्रिया : गेले. अक्का, खरं सांगा, राग नाही येत?

निंगव्वा : येतोय की! न यायला मी काय दगड हाय? मालक गेले, माहेरी आले, तवापास्नं हितं बसते. तिघं भाऊ जीवाला जीव देतील, पण समोरासमोर बोलले की भांडणं. मग याचं त्याला, त्याचं याला, मीच सांगायचं. दिवसभर या खोलीतनं त्या खोलीत. एकदा तरी आपलं नाव कुटंतरी लिवलेलं बघावं, वाटतंय. वाटत न्हाय म्हणले तर खोटं हुईल. पण मागून घेतलेल्या नावाला काय चव?

धम्मप्रिया : काय म्हणालात? याचं त्याला, त्याचं याला...

निंगव्वा : व्हय.

धम्मप्रिया : दोघांच्या मध्ये बसून! अक्का, मी उगाच डोकं फोडत होते. चाक काढायचं नाहीच, घालायचंय! तीन चाकांचा घेर अडतो, चारांचा कशाला अडेल? थांबा, फटीत एक बारकं चाक बसवते. बारा दाते पुरे.

निंगव्वा : इतक्या बेगीनं दाते काढलेस?

धम्मप्रिया : हातानं नाही काढायचे. हे वेक्टर आहे, आकडे दिले की रेघा आपोआप येतात. आता फिरवते.

निंगव्वा : अगं, पळालं की ते! कोपऱ्यात चाललं!

धम्मप्रिया : अरे देवा, त्याचा मध्यबिंदू द्यायचा राहिला. तो नसला की बिचारं भलत्याच कोपऱ्याभोवती गरगरत बसतं.

निंगव्वा : माहेरी आलेल्या बाईसारखं. सगळीकडं फिरतंय, आपली जागा कुटं न्हाय.

धम्मप्रिया : आता दिली जागा. अजून केसभर खाली घेते, दाता दात्यात बसू दे... हं. बघा.

निंगव्वा : फिरायलं! बसतंय गं, दात्यात दाता बसतोय! अण्णा! ओ अण्णाऽ! वायर सोडा, हिकडं या!

चनबसप्पा : काय झालं वरडायला? ...अरं तिच्या! थांबव. परत चालू कर. जरा हळू कर. एक दाता अडंना की! आन् फटबी गेली! गुरप्पा आन् कल्लप्पा एकाच बाजूला फिरायलेत!

निंगव्वा : जन्मात पहिल्यांदा.

चनबसप्पा : शाब्बास गं पोरी! आबा असते तर पाठ थोपटली असती तुझी. पण मधलं हे बारकं कुणाचं?

धम्मप्रिया : अजून कुणाचंच नाही. चाक मी घातलं, नाव घरच्यांनी ठेवायचं.

चनबसप्पा : दोघांच्या मधी बसतंय. ह्याचं त्याला देतंय... निंगव्वा, जा, गुरप्पाला विचार...

निंगव्वा : जाते.

चनबसप्पा : न्हाय. थांब. बस तू खाली. मीच विचारतो. गुरप्पा! कल्लप्पा! हातातलं सोडा आन् या हितं दोघं! ...भांडायला न्हाय रं बाबा, बघायला बोलवतोय. हे बघा. आबांचा बोर्ड फिरतोय. आता सांगा, ह्या चौथ्यावर नाव कुणाचं घालायचं?

धम्मप्रिया : अण्णा, दोघं एकदमच बोलले!

चनबसप्पा : ऐकलंस निंगव्वा? दोघं एका तोंडानं ‘अक्का’ म्हणले. माझ्याच टाळक्यात उशिरा शिरलं. ही न्हाय तर हितलं पान हलत न्हाय, आन् मी म्हणतोय फर्म भावांची. चुकलं माझं.

धम्मप्रिया : मग ‘अक्का’ लिहू?

चनबसप्पा : अक्का ती यांची. जगासाठी पुरं नाव लिही. निंगव्वा. फोटो पण घाल, आमच्या रांगेत. आन् उद्या पेंटरला बोलवा. बोर्डावर चार चाकं.

निंगव्वा : लिवलंस व्हय गं? मला काय नीट दिसंना.

धम्मप्रिया : मोठं करते. भिंतीएवढं केलं तरी हे धूसर होत नाही, अक्का.

निंगव्वा : चाक न्हाय गं धूसर. डोळं झालेत.

चनबसप्पा : पूस ते. आन् फोन घे, कवापास्नं वाजतोय.

निंगव्वा : हॅलो, हंजगी बंधू. ...कोण बोलतंय म्हणता? ...निंगव्वा बोलतेय. काय पायजे, सांगा.