दोन्ही बाजूंनी सारखं चावा

...आणि वर मलाच सांगतात, 'काका, दोन्ही बाजूंनी सारखं चावा.' आता तुम्हीच सांगा, सारखं चावायला आधी दोन्ही बाजू सारख्या नकोत? अहो, मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, उभा जन्म दोन पारडी सारखी करण्यात गेला माझा, भाजीवाल्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा काटा... भंगारवाला तर मुद्दाम वाकडा करून मागतो, पण ते जाऊ द्या... मला सारखेपणा शिकवायचा? आणि तोही माझ्याच तोंडातला?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दाढदुखीनं याचं डोकं फिरलं.

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडात कामाच्या दाढा उरल्या होत्या दोनच. एक डावीकडे, एक उजवीकडे. बाकी सगळी सामसूम. आणि त्या दोघींना एकदमच कीड लागली. ही म्हणाली, वेळेवर दाखवून या, नाहीतर आमच्या बाबांसारखं होईल. आता हिचे बाबा, म्हणजे आमचे सासरेबुवा, त्यांनी सगळे दात काढून कवळी केली. ती कवळी ते फोटोपुरती लावतात आणि जेवताना काढून ठेवतात! सगळं कुस्करायचं, भिजवायचं, गिळायचं... माणूस जेवतोय का भिंतीच्या भोकात पुट्टी भरतोय, कळत नाही. मला एवढंच हवं होतं हो, मरेपर्यंत मूठभर फुटाणे स्वतःच्या दाढेनं फोडून खाता यावेत. बंगला मागितला होता का मी?

तर गेलो दातांच्या कॉलेजात. तिथे मोठे सर भेटले, म्हणजे तिथले मुख्य. माझ्या तोंडात डोकावले आणि असे खूश झाले, असे खूश झाले, की मला वाटलं आत काही सापडलं की काय. म्हणाले, वा! दोन दाढा, दोन्ही बाजूंना, दोन्हींना सारखाच खड्डा! आम्हाला असंच तोंड हवं होतं! जन्मात पहिल्यांदा माझं तोंड कुणाला तरी हवं होतं.

प्रकार असा, की त्यांचं संशोधन चालू होतं. दात भरायचे दोन मसाले, एक जुना, एक नवा. एकाच माणसाच्या एका दाढेत हा भरायचा, दुसरीत तो. कुठल्या बाजूला कुठला, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. मला नाही, तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पण नाही. दोन्हींचा रंग तोच, दाताचा. दोन वर्षं बघायचं कोण टिकतो. आणि मग सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'जो मसाला सरस ठरेल, तो तुमच्या दुसऱ्या दाढेतही भरून देऊ. फुकट, आणि कायमचा. फक्त दोन्ही बाजूंनी सारखं चावा. नाहीतर तुम्हाला यातून वगळावं लागेल.'

मी म्हटलं चावतो. केली सही. इथेच माझं पाऊल चुकलं!

दोन्ही दाढा भरल्या. घरी आलो, फुटाणे काढले. डावीकडे टाकला, कट्ट... आहाहा, काय सांगू तुम्हाला, तारुण्य परत आलं. उजवीकडे टाकला... आई गं! दाढेतून कळ निघाली ती कानातून, डोक्यातून, थेट कुठे गेली देव जाणे. ही स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला शॉक लागला.

दुसऱ्या दिवशी गेलो पळत. डॉक्टरीणबाई पोरगी गोड हो, डोळ्यांवर भिंगं लावलेली. मी म्हटलं, बाई, उजवीकडचा मसाला... तर कानांवर हात! 'काका, मला सांगू नका कुठला चांगला, कुठला वाईट. या संशोधनात मी आंधळी आहे.' एवढी भिंगं लावून आंधळी! मी म्हटलं, बरं, मसाल्याचं सोडा, पण दाढ दुखते. मग तिनं गार हवा मारली. दुखतं? नाही. टकटक केलं. दुखतं? नाही. कापूस चावायला दिला. दुखतं? आता कापूस चावून कुणाचं दुखलंय हो? माझी दाढ म्हणजे बिघडलेल्या स्कूटरसारखी, मेकॅनिकच्या दारात आली की आवाज बंद! मी खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, म्हटलं हे चावून दाखवतो, तर म्हणाली, इथे खायला बंदी आहे. 'तुम्ही फक्त दोन्ही बाजूंनी सारखं चावा.'

मग मी काय करणार? तुम्ही काय केलं असतं? गुपचूप डावीकडे चावायला लागलो. सगळं डावीकडे. गाजर डावीकडे, पावाचा कडक काठ डावीकडे, फुटाणे तर डावीकडेच. माझा डावा गाल असा टरारून फुगला आणि उजवा आत गेला, की ही म्हणाली, अहो, तुमचा काटा कललाय. आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. डॉक्टरीणबाई गुलाबी लगदा भरून दाढांचे ठसे घ्यायची, मसाला किती झिजला ते मोजायला, आणि विचारायची, 'काका, दोन्ही बाजूंनी सारखं चावता ना?' मी म्हणायचो, हो हो, अगदी सारखं. खोटं! साफ खोटं! पण खरं सांगून काय होणार? वगळणार. मग फुकटचा मसाला गेला आणि आयुष्यभर उजवीकडे कळा. मी मनात म्हणायचो, सोस बाबा, दोन वर्षं सोस. डावा जिंकणार, त्यात शंकाच नाही. मग तोच उजवीकडे भरून घेऊ आणि खाऊ फुटाणे, दोन्ही बाजूंनी सारखे!

आला निकालाचा दिवस. आम्हा सगळ्या पेशंटांना बोलावलेलं, बाकावर ओळीनं बसवलेलं. सरांना उशीर होता. मी आपली पुडी काढली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले फुटाणे. आणि बघतो तर काय... एकानं फुटाणा तोंडात टाकला आणि जिभेनं हळूच डाव्या गालात सरकवला. त्याच्या शेजारची शिक्षिका, तिनं उजव्या गालात. पलीकडचा ड्रायव्हर, उजव्या. त्याची आई, डाव्या. अख्खा बाक एका बाजूनं चावतोय! कुणी डावा, कुणी उजवा, पण दोन्हीकडे कुणी नाही. मी ड्रायव्हरला हळूच विचारलं, दुसरीकडे कळ येते का हो? त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, 'बोलू नका. वगळतील.'

तुम्हाला सांगतो, सगळा घोटाळा माझ्या लगेच लक्षात आला. कारण मी काटेवाला आहे हो. ज्या काट्यावर रोज माल पडतो, तो झिजतो. जो माळ्यावर पडलेला असतो, तो दहा वर्षांनी काढला तरी नवाकोरा! म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून...

तेवढ्यात सर आले. चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, निकाल अगदी स्पष्ट आहे. एक मसाला जवळपास सगळ्यांच्या तोंडात झिजला. दुसऱ्यावर ओरखडासुद्धा नाही! नवा मसाला जिंकला! टाळ्या. डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत पाणी, पोरीनं दोन वर्षं राबून केलेलं काम. आता ओरखडा कुठून येणार हो? त्या मसाल्यानं दोन वर्षांत एक दाणा बघितला नव्हता! पगारी रजेवर होता तो!

मी उठलो. म्हटलं, सर, एक सांगायचंय. सर प्रेमानं म्हणाले, 'बोला काका. तुम्ही दोन्ही बाजूंनी सारखं चावलंत, म्हणून आज हे यश आहे.' डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसली. इकडून ड्रायव्हरनं माझी बाही ओढली, तिकडून शिक्षिकेनं डोळे वटारले. काय बोलणार? कुठल्या तोंडानं बोलणार? मी म्हटलं, अभिनंदन, आणि बसलो.

मग सरांनी दिलेला शब्द पाळला. माणूस शब्दाचा पक्का, तेच तर वाईट झालं. मला खुर्चीत झोपवलं, डावीकडचा माझा झिजलेला, बिचारा, दोन वर्षं माझं पोट भरणारा मसाला खरवडून काढला आणि तिथे जिंकलेला भरला. फुकट, आणि कायमचा. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, रडू आलं मला. डॉक्टरीणबाईला वाटलं, आनंदानं.

घरी आलो. हिनं दुधात भिजवलेला पाव पुढे ठेवला. शेजारी सासरेबुवा, त्यांच्याही पुढे तोच. ते आपली कवळी काढून ठेवून मला म्हणाले, या जावईबापू, सुरू करा. ही म्हणाली, जपून, कुठल्या बाजूनं चावताय?

मी म्हटलं, आता काळजी नको. काटा बरोबर मध्यावर आलाय. आता दोन्ही बाजूंनी सारखंच दुखतं.