टीएमपीतलं नाटुकलं

ए, ऐका ना! काल हावड्याला फेरीबोटीच्या रांगेत माझ्या मागे चक्क मराठी! बाप आणि त्याची मुलगी. संध्याकाळी मराठी मंडळात मुलांची तालीम, आणि बाबांनी लिहिलेलं नाटुकलं लॅपटॉपवरून गायब!

"बाबा, लिनक्सवर ठेवलंस कुठे?"

"विंडोजसारखा सी ड्राइव्ह शोधला, तर नाहीच. नुसती एक तिरकी रेघ, आणि सगळं तिच्या पोटात."

"बरोबर, तिथूनच सगळं सुरू होतं. मग?"

"ईटीसी नावाचा फोल्डर दिसला, म्हटलं इत्यादी असेल, त्यात टाकायला गेलो, तर परवानगी नाही म्हणे."

"अरे, तिथे सिस्टिमची सेटिंग्ज असतात!"

"मला काय ठाऊक? फाईल कुठली, फोल्डर कुठला, तेही कळेना."

"यादीत ओळीच्या सुरुवातीला डी असेल तर फोल्डर, आडवी रेघ असेल तर साधी फाईल. शेवटी ठेवलंस कुठे?"

"टीएमपीत. कच्चा खर्डाच होता ना, म्हणून तात्पुरतं."

"बाबा! मशीन बंद केलं की ते रिकामं होतं!"

"मी रोज नुसतं झाकण लावायचो. काल तूच ओरडलीस, नीट बंद कर म्हणून!"

"...सॉरी."

"आता त्या पोरांना काय देऊ मी?"

"रोज जेवताना वाचून दाखवायचास ना? मला पाठ आहे."

"तू तर इअरफोन घालून बसायचीस!"

"गाणी बंद असायची. ऐक. 'प्रधानजी, खजिन्यात उंदीर शिरलेत!' 'महाराज, त्यांना पगारावर ठेवू या!'"

"हे उत्तर माझं नाही."

"माझं आहे. चालेल?"

"पळेल! बोल पुढे."

"बाबा, फेरी लागली."

"जाऊ दे ती. तू बोल."

मग काय, मीपण सोडली ना फेरी!